घोंगडीखालची मूठ

हुरड्याचे दिवस आले की माझ्या मेडिकल दुकानातला औषधांचा वास हार खातो. कुणीतरी शेतावरून येताना टॉवेलच्या गाठीत गरम हुरडा बांधून आणतं, काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "ताई, आदी खावा, मग चिठ्ठी बघा." बाम, खोकल्याचं औषध, फिनेल या सगळ्यांवर त्या भाजक्या, दुधाळ दाण्यांचा वास चढून बसतो तो दिवसभर उतरत नाही. यंदाही असाच एक टॉवेल आला. मी गाठ सोडली, मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली. पहिला घास गोड लागला. दुसऱ्याला नजर शेजारच्या भिंतीकडे गेली. गिऱ्हाईक समोर उभं होतं म्हणून मी उगाच खोकल्यासारखं केलं आणि पाणी प्यायले.

आमची वाडी शिरूर तालुक्यातली, केंदूरच्या बाजूची. मी इथली सून. माहेर माझं दौंड तालुक्यातलं केडगाव, म्हणजे रेल्वेची शिट्टी, कालव्याचं पाणी आणि जिकडेतिकडे ऊस. हुरडा म्हणजे काय ते मला लग्न होऊन इकडे आल्यावर कळलं. पहिल्या वर्षी मी घरी वाटीत चमचा घेऊन बसले होते. सासूबाईंनी चमचा काढून घेतला, आगटीतून नुकतंच काढलेलं कणीस माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चोळ." तळहात भाजला, मी किंचाळले, सगळ्या बायका हसल्या. मग माझ्या हातातून हिरवे दाणे सुटून पडले आणि त्यावर जवसाची चटणी आली. हात पोळल्याशिवाय हुरडा खाल्ला असं होत नाही, हे तेव्हा समजलं.

तो हुरडा महादू आप्पांच्या शेतातला होता. आप्पांच्या वडिलांपर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती. पाऊस संपला की कळप घेऊन बाहेर पडायचं, पुढचा पाऊस आला की परतायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. पुढे मेंढरं गेली, जमीन आली, विहीर झाली, आप्पा शेतकरी झाले. मागच्या आयुष्यातल्या दोनच गोष्टी त्यांच्याकडे राहिल्या. एक काळी, खरखरीत घोंगडी आणि दुसरी मुठीची रीत.

मेंढरांच्या बाजारात सौदा उघड होत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, भाव बोटांवर ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. मी एकदा आप्पांना विचारलं होतं, ही लपवाछपवी कशाला? आप्पांनी पानाला चुना लावता लावता सांगितलं, "भाव चारचौघात बोलला, की त्यो मेंढराचा ऱ्हात न्हाई ताई. माणसाचा व्हतो."

मुठीची रीत याच्याच पोटातून आलेली. कळपावर रोग यायचा, एखाद्याची सगळी मेंढरं बसायची ती उठायचीच नाहीत. मग तळावरची माणसं एक पाटी, म्हणजे मोठी टोपली, मांडायची, तिच्यावर घोंगडी टाकायची आणि प्रत्येकजण घोंगडीखाली हात घालून मूठ सोडायचा. ज्याला जमेल त्याने जमेल ते. ज्याच्याकडे काहीच नसेल त्यानेही मूठ वळूनच हात आत घालायचा आणि तसाच बाहेर काढायचा. बाहेर येणारे सगळे हात सारखेच रिकामे असत. "रिकामी मूठबी मूठच अस्ती," आप्पा म्हणायचे.

आप्पांनी ही रीत हुरड्याला जोडली. दरवर्षी ते बांधाकडेच्या काही ओळी गूळभेंडी ज्वारीच्या वेगळ्या ठेवायचे आणि हुरडा भरला की एका दुपारी सगळ्या वाडीला बोलवायचे. खाणंपिणं झालं की लिंबाखाली पाटी आणि घोंगडी. कुणाचं छप्पर उडालेलं असे, कुणाच्या पोरीची फी अडलेली असे. कुणासाठी ते सगळ्यांना माहीत असे, पण बोलत कुणी नसे. आणि ज्याच्यासाठी पाटी मांडलेली असे, तोही रांगेत उभा राहून आपली मूठ सोडून जाई. मला ते फार नवलाचं वाटायचं. माझ्या नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मग काय त्याने एकट्यानेच लांब बसायचं?"

पाटी रिकामी करायचं काम आप्पा आणि एक बाईमाणूस करी. आधी माझ्या सासूबाई करायच्या, नंतर ते माझ्याकडे आलं. पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले तेव्हा नोटा, चिल्लर, ज्वारी, हरभरा यांच्यात मला कापडाची एक पिशवी दिसली. मुठीत मावेल एवढी, चारही बाजूंनी बारीक टाक्यांनी बंद केलेली. असे टाके आमच्याकडे एकच माणूस घालत असे. मी उत्साहाने म्हणाले, "ही रशीदचाचांची ना?" सासूबाईंनी दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मी गप्प झाले, ती पुढे कायमची. दरवर्षी ती पिशवी यायची, कधी शर्टाच्या कापडाची, कधी परकराच्या चिंधीची. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाही ठाऊक नव्हतं.

रशीदचाचा आमच्या वाडीचे शिंपी. त्यांचं दुकान माझ्या मेडिकलला लागून, मधे एक भिंत. दिवसभर त्यांच्या मशीनचा आवाज भिंतीतून येत राहायचा आणि तो थांबला की मला कळायचं, चाचांचा चहा आला. त्यांच्या घराण्याला इथं किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. वाडीतल्या अर्ध्या नवरदेवांचे कपडे त्यांनी शिवलेले. माप घेताना टेप गळ्यातच राहायचा, नजरेनेच म्हणायचे, "पोट वाढलंय, ढिला ठिवतो, कुणाला सांगत न्हाई."

मग त्यांची मूत्रपिंडं गेली. डायलिसिस हा शब्द आमच्याकडे कुणी म्हणत नाही, रक्त धुवायला जातो म्हणतात. आठवड्यातून दोनदा शिरूरला जावं लागे. चाचा म्हणायचे, "कापड मळलं की धुवायचं, रगत मळलं की धुवायचं. त्यात रडायचं काय?" आसपासच्या वाड्यांवर असे आणखी पेशंट होतेच. जाताना एसटीने कसंही जाता येई, पण येताना माणूस पिळून काढलेला असे. त्या वर्षीची मूठ गाडीसाठी झाली. शिवाय ज्याला जमलं त्याने वर भर घातली आणि एक जुनी व्हॅन आली. तिच्या फाटक्या सीटना चाचांनी स्वतः निळ्या रेक्झिनची कव्हरं शिवली. ड्रायव्हरशेजारची जागा त्यांची. पहिल्या दिवशी माझ्या दुकानासमोर गाडी थांबवून ते खिडकीतून म्हणाले, "ताई, आपली गाडी! काय मागवायचं आसंल शिरूरवरनं तर सांगा."

आपली गाडी. हे शब्द मला तेव्हा काही विशेष वाटले नव्हते.

मुठीने गाडी आली, पण मुठीने ती चालेना. पेशंट वाढले, फेऱ्या वाढल्या, टायर गुळगुळीत झाले. एकदा येताना ती अर्ध्या रस्त्यात बंद पडली आणि थकलेली माणसं उन्हात बाभळीखाली बसून राहिली. चाचांना तिथेच उलटी झाली. त्या संध्याकाळी माझ्या दुकानात बैठक बसली. आप्पांचा पुतण्या किरण सणसवाडीच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. पोरगा हुशार, बोलका आणि मनाने निर्मळ, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोलेल. तो म्हणाला, "आप्पा, मुठीनं मन भरतंय, टाकी न्हाई भरत. कायतरी नवीन केल्याबिगर गाडी चालायची न्हाई."

आप्पांनी चुन्याची डबी बंद केली. मग म्हणाले, "कर बाबा काय करायचं त्ये. गाडी थांबाया नको."

आणि आम्ही नवीन करायला लागलो. तो हिवाळा आठवला की अजून हसू येतं. हुरड्याला तिकीट लावलं. किरणने मोबाइलवरून पुण्याला निरोप फिरवले आणि रविवारी मोटारींची रांग लागली. लिंबाच्या फांदीला क्यूआर कोड टांगला होता, तो वाऱ्याने गरगर फिरायचा आणि शहरातले लोक मोबाइल घेऊन त्याच्याभोवती फिरायचे. सणसवाडीत खोल्या करून राहणारे किरणचे बिहारी कामगार मित्र आले होते. त्यातल्या एकाने कणीस हातात घेऊन विचारलं, "भैया, ये तो कच्चा ज्वार है, इसका भी पैसा?" पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण त्या दिवशी पिकलं तिथेच विकलं गेलं.

लिलावाची कल्पना माझी. केडगावला लहानपणी माझी मैत्रीण मला त्यांच्या चर्चमधल्या सुगीच्या सणाला घेऊन जायची. घराघरातून आलेली भाजी, कोंबडी, अंडी, केक सगळं टेबलावर मांडलेलं आणि एकेकाचा लिलाव. मला आठवतो एक भोपळा. ज्याने तो घेतला त्याने पैसे दिले आणि भोपळा परत टेबलावर नेऊन ठेवला. पुन्हा लिलाव, पुन्हा परत. शेवटी तो एका म्हातारीच्या पिशवीत गेला, तिने बोलीही लावली नव्हती. मी तो सगळा किस्सा बैठकीत रंगवून सांगितला आणि किरणने वहीत लिहून घेतलं, लिलाव.

आम्ही भोपळा ठेवला, उसाची मोळी ठेवली आणि आप्पांनी हौसेने दिलेलं एक कोकरू ठेवलं. कोकरासाठी पुण्याच्या दोन कुटुंबांची अशी चढाओढ लागली की विचारू नका. हौसेला मोल नसतं. जिंकलेल्या बाईंनी कोकराला कवटाळून खूप फोटो काढले आणि जाताना गाडीत कसं न्यायचं म्हणून ते आप्पांच्याच हातात देऊन गेल्या, "याचं नाव ब्राउनी ठेवा हं." आप्पांना ते नाव काही म्हणता येईना. ते त्याला बावनी म्हणू लागले. बावनी पुढे चांगलं दांडगं झालं आणि दिसेल त्याला धडका द्यायचं.

खोटं कशाला बोलू, आम्ही फार खूश होतो. गाडीला नवे टायर आले. पेशंट वेळेवर जायला लागले. चाचाही खूश होते. त्या वर्षीही गर्दी पांगल्यावर वाडीची माणसं लिंबाखाली जमली आणि घोंगडीखाली मूठ झालीच. पाटीत निळ्या चौकड्याची पिशवी आली. तेव्हा आम्ही तिथेच थांबायला हवं होतं. पण चांगलं चाललेलं असताना कोण थांबतं?

पुढच्या हिवाळ्यात किरणने एका जाणकाराला आणलं. देणग्या कशा वाढवायच्या याचंच शिक्षण घेतलेला माणूस होता तो. त्याने सगळं पाहिलं, चहा घेतला आणि म्हणाला, "लोक गाडीला देत नाहीत. लोक चेहऱ्याला देतात. तुमचे पेशंट लोकांना दिसू द्या." बोलणं चुकीचं नव्हतं, आजही मला ते चुकीचं म्हणता येत नाही. आणखी एक गोष्ट ठरली. देणाऱ्यांची नावं लग्नातल्या आहेरासारखी माइकवरून पुकारायची. आमच्याकडे आहेर पुकारला की ज्याने कमी केला तो दोन वर्षं मान वर करत नाही आणि ज्याने जास्त केला तो दोन वर्षं मान खाली करत नाही. या खुमखुमीवर देणगी हमखास वाढणार होती. बैठकीत एकटे आप्पा तेवढे म्हणाले, "नावं पुकारायची म्हंजी भाव पुकारायचा." पण गाडीची चिंता त्यांनाही होतीच. त्यांनी जास्त ताणलं नाही.

त्या रविवारी शेतात स्टेज लागलं. मागे भला मोठा फ्लेक्स, त्यावर व्हॅनच्या खिडकीत बसलेल्या चाचांचा फोटो. पाटी आणि घोंगडीही स्टेजवर होती, झेंडूच्या माळा घालून, शोभेला. पेशंटसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. चाचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि नवी टोपी घालून आले. स्टेजवर बोलावलं तेव्हा त्यांना वाटलं वाडीतली वडीलधारी माणसं म्हणून बोलावलंय. माझ्याकडे बघून त्यांनी मिस्कीलपणे टोपी सारखी केली. जुबेदाचाची, चाचांच्या घरच्या, खाली माझ्याच शेजारी बसल्या होत्या. "बगा की, नवरदेव झालाय," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून हसल्या.

एकेकाला शाल आणि नारळ दिला. तांबडी शाल, सोनेरी काठाची. निवेदक पुण्याहून आणला होता, गोड गळ्याचा. त्याने एकेकाचा आजार, घरची परिस्थिती असं सगळं सांगितलं. खालून नावं येऊ लागली, आकडे येऊ लागले, टाळ्या पडू लागल्या. आणि त्या गडबडीत चाचा खुर्चीवरून उठले. खिशात हात घातला, मूठ वळली आणि शांतपणे पाटीकडे निघाले. दरवर्षी जसे निघत तसेच. त्यांना ती शोभेची पाटी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

निवेदक धावत पुढे झाला, त्यांच्या खांद्याला प्रेमाने धरलं आणि माइकवर म्हणाला, "अहो चाचा, तुम्ही कुठे निघालात? तुम्ही बसा! तुम्ही द्यायचं नाही, तुम्ही फक्त घ्यायचं. तुमच्यासाठीच तर आहे हे सगळं! चाचांसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

टाळ्या जोरदार पडल्या. पुण्याच्या एका बाईंनी डोळे पुसले. चाचा क्षणभर तसेच उभे राहिले. मूठ अजून वळलेली होती. मग ती खिशात गेली, रिकामी होऊन बाहेर आली, आणि ते जाऊन खुर्चीवर बसले. चेहऱ्यावर हसू होतं, शिंप्याचं, गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं तरी तोंडावर ठेवायचं असतं तसं. माझ्या शेजारी चाचींचा पदर तोंडावरच राहिला होता, पण त्या आता हसत नव्हत्या.

त्या दिवशी कधी नव्हे एवढी देणगी जमली. माणसं पांगल्यावर लिंबाखाली कुणी जमलं नाही. घोंगडी स्टेजवरून उतरवून आप्पांनी झटकली, घडी घातली आणि ते न जेवताच घरी गेले.

त्यानंतरच्या फेरीला व्हॅन चाचांच्या दारात हॉर्न वाजवत राहिली. आतून आवाज आला, "तुमी व्हा फुडं, मला काम हाय." पुढच्या वेळीही तेच. मग कळलं की ते फाट्यापर्यंत कुणाच्या तरी मोटारसायकलवर जातात आणि तिथून एसटीने शिरूर गाठतात. येताना कधी बसायला जागा मिळे, कधी नाही. अंगाला सूज दिसायला लागली. मधूनच एखादी पाळी चुकायची. भिंतीपलीकडचं मशीन थांबलं की आता मला चहाची वेळ वाटेना, मी भिंतीला कान लावून उभी राहायचे.

एकदा न राहवून मी त्यांच्या दुकानात गेले. "चाचा, गाडी दारावरून जाते आणि तुम्ही एसटीत लोंबकळता. हे काय आरंभलंय?"

चाचांनी सुईत दोरा ओवला. "गाडी चांगली हाय ताई. नवं रंगकाम झ्याक झालंय. मागं देणाऱ्यांची नावं लिवलीत, ती बी चांगली दिसत्यात."

"मग बसत का नाही?"

"आदी मी आपल्या गाडीत बसायचो," ते म्हणाले. "आता लोकांच्या गाडीत बसवत्यात."

मी औषध वेळेवर घ्या वगैरे काहीतरी बोलले आणि परत आले. किरणही जाऊन आला. "चाचा, माझं कायतरी चुकलं का?" असं त्याने सरळ विचारलं. चाचांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. "न्हाई रं पोरा. गाडी चालली पायजे. तू चालवतुयास." आणि त्याच्याच लग्नासाठी माप घेऊन ठेवलं, "पोट सुटायच्या आत शिवून घे." किरणला वाटलं, राग गेला. राग नव्हताच मुळी, जाणार कुठून?

पुढच्या हिवाळ्यांत कार्यक्रम मोठा होत गेला. शेत सोडून तो हायवेजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रात गेला. दुसरी गाडी आली, तीही वातानुकूलित. वाडीतली म्हातारी माणसं मात्र येईनाशी झाली. "तिकीट काढून हुरडा खायचा व्हय? आन् त्यो बी आपल्याच ज्वारीचा?" असं तोंडाने म्हणत, पण खरं कारण वेगळं होतं. माइकवर ज्याचं नाव पुकारता येत नाही अशी मूठ घेऊन कुठे जायचं? आणि रिकामी मूठ घेऊन तर कुठेच जाता येत नव्हतं. पूर्वी हुरड्याच्या दिवसात सगळी वाडी एकदा तरी एकत्र बसायची. आता गाड्या दोन झाल्या आणि बसणारी वाडी राहिली नाही. पेशंट वाचत होते, हे खरं होतं. काहीतरी मेलं होतं, हेही खरं होतं. दोन्ही खरं असलं की माणसाने कुणाशी भांडावं?

चाचा गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. एसटीत उभं राहून कुणी मरत नाही, एवढं मला औषधांच्या दुकानात आयुष्य गेल्यावर कळतं. तरी सकाळी शटर उघडताना भिंतीपलीकडून आवाज येत नाही तेव्हा मनात येतंच, त्या खिडकीजवळच्या निळ्या सीटवर बसून ते आणखी थोडे दिवस गेले-आले असते का? याचं उत्तर कुठल्याही डॉक्टरकडे नाही. ते नाही म्हणूनच ते सारखं टोचतं.

यंदा आप्पांनी विहिरीकडेला पुन्हा गूळभेंडी ठेवली. कुणाला काही बोलले नाहीत. हुरडा भरल्यावर माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिशी दुपारी या. कुणाला सांगू नगा, पर समद्यांना बोलवा." त्यांचं वय झालंय, आवाज बारीक झालाय, पण हा असला हिशोब फक्त त्यांनाच जमतो.

आगटी पेटली, गोवऱ्यांचा धूर विहिरीवरून तिरका गेला. वाडी आली. जी माणसं एकमेकांच्या दारावरून मान न वळवता जात होती तीही आली. बोरं, हरभऱ्याचे घाटे, गूळ, ताक. कुणी फोटो काढला नाही. किरणही आला, कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून. त्याला कुणी बोलावलं होतं की नाही मला माहीत नाही. तो गुपचूप आगटीशी बसला आणि कणसं चोळून चोळून म्हाताऱ्यांच्या हातावर दाणे देत राहिला. त्याचे तळहात लाल झालेले मला दिसत होते. जुबेदाचाचीही आल्या. कापडी पिशवी छातीशी धरून एका कडेला बसल्या. मी त्यांना हुरडा दिला तर म्हणाल्या, "ह्यांना गूळ चालत न्हवता. मी बी सोडला व्हता. आज खाते." आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

मग लिंबाखाली पाटी आली. आप्पांनी घोंगडी पसरली. आता ती जागोजागी विरली आहे, पण अजून अंधार करते. एकेकजण जाऊन हात घालून येऊ लागला. चाचींची पाळी आली तेव्हा त्यांनी पिशवीसकट हात आत घातला. खूप वेळ तो हात आतच होता. रांगेतलं कुणी चुळबुळलं नाही. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या हातात रिकामी पिशवी होती.

माणसं ताक प्यायला पांगल्यावर आप्पांनी मला खुणावलं. किरण पाटी उचलायला मदत करू म्हणून जवळ आला. घोंगडी बाजूला झाली. नोटा, ज्वारी, नाणी, आणि मधोमध मुठीएवढ्या बंद पिशव्या. एक नव्हे, चाचांची मूठ चुकलेल्या प्रत्येक हिवाळ्याची एक. एक त्या पांढऱ्या शर्टाच्या उरलेल्या कापडाची, ती मी ओळखली. त्या दिवशी स्टेजवरून खिशात परत गेलेली ती हीच असणार. बाकीच्या तांबड्या होत्या, आणि त्यांच्या एका कडेला सोनेरी काठ होता.

किरण वाकला. ती शाल त्यानेच शिरूरच्या बाजारातून निवडून आणलेली होती. त्याचा चेहरा उतरला. "ताई," तो म्हणाला, "ही तर त्या..."

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. सासूबाईंनी मला काढला होता तसाच, जोरात. तो गप्प झाला. डोळ्यांत पाणी आलं होतं, चिमट्याचं म्हणून खपून गेलं.

आपण ज्याला फक्त घे म्हणालो, त्याने घेतलेलं कापूनकुपून, आत स्वतःचं भरून, टाके घालून परत देण्यासाठी ठेवलं होतं. द्यायला जागा नव्हती म्हणून मशीनच्या खणात ते पडून राहिलं असणार. फार फार वाईट वाटलं मला. आज ते आलं, पण ज्याची मूठ होती तो रांगेत नव्हता.

मी पिशव्या हातात घेऊन नुसतीच बसले. वाटत होतं, या अशाच ठेवाव्यात, कुठेतरी जपून. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "उसव ताई. गाडीला लागत्याल. त्येच्यासाठीच दिल्यात कुणीतरी."

मी दुकानातली छोटी कात्री पर्समधून काढली. टाके नेहमीसारखे बारीक होते, एकावर एक घट्ट घातलेले. उसवायला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.